ऑझलबॉटमचा हातोडा आणि लाल कोबी

क्लिफर्ड एन्टविसलला दोन गोष्टी जन्मतःच मिळाल्या होत्या. एक म्हणजे डावा हात. दुसरी म्हणजे कुणालाही 'नको' म्हणता न येणं. पहिलीच्या जोरावर तो ब्रिटनचा मिडलवेट चॅम्पियन झाला, आणि दुसरीच्या पायी ते सगळं जवळजवळ घालवून बसला होता.

ऑझलबॉटम हे लँकशायरमधलं गिरण्यांचं गाव. तिथे क्लिफर्ड घरोघरी कोळसा टाकायचा. एकशे बारा पौंडांचं पोतं उजव्या खांद्यावर घ्यायचं, घराच्या मागल्या अंगणात जायचं, आणि डाव्या हाताने असा हिसका द्यायचा की पोतं पलटी खाऊन कोळसा थेट भोकातून तळघरात. दिवसाला साठ हिसके. चौदाव्या वर्षापासून हे चाललं होतं. त्यामुळे त्याचा डावा हात हा हात राहिलाच नव्हता. त्याचं दार झालं होतं, आणि तेही वाऱ्याने आपटणारं.

हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. गिरण्यांना सुट्टी लागली आणि गावात जत्रा भरली, तेव्हा कळलं. जत्रेत मुष्टियुद्धाचा तंबू होता. तंबूबाहेर फळीवर लिव्हरपूलचा वाघ नावाचा एक गडी दंड थोपटत उभा होता आणि त्याच्यापुढे तीन राउंड टिकेल अशा माईच्या लालाची वाट बघत होता. कुणी पुढे येईना.

"अरे क्लिफर्ड, जा की रे," शेजारच्या क्लेगकाकू म्हणाल्या. "बिचारा मघापासून एकटाच उभा आहे. बरं दिसतं का ते?"

क्लिफर्डला लढायचं नव्हतं. त्याला झोपाळ्यात बसायचं होतं. पण काकूंना नको कसं म्हणायचं? त्याने टोपी काढून त्यांच्या हातात दिली, लाकडी तळव्याचे बूट काढून टोपीत ठेवले, आणि तंबूत शिरला. एकोणिसाव्या सेकंदाला वाघ आडवा झाला. क्लिफर्ड घाबरून त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला.

"लागलं का हो?" त्याने विचारलं.

वाघाने एक डोळा उघडला. "कोण रे तू?"

"कोळसेवाला. तुम्हाला हवाय का कोळसा?"

पुढे सात वर्षं क्लिफर्डने ज्यांना ज्यांना झोपवलं, त्या प्रत्येकाला त्याने वाकून हेच विचारलं. लागलं का हो. काहीजण म्हणाले हो, काहीजण म्हणाले आई, आणि डर्बीचा एकजण म्हणाला की आज कोणता वार आहे.

त्या दिवशी तंबूत टॉमी पिलिंग हजर होता. पिलिंग गावचा न्हावी. तरुणपणी तोही लढला होता आणि नाक तिथेच कुठेतरी ठेवून आला होता. त्याने क्लिफर्डला दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावून खुर्चीत बसवलं, कपाळावर केसांचा झकास कोंबडा पाडून दिला आणि आरशात बघत म्हणाला, "आजपासून मी तुझा उस्ताद. चालेल ना?"

क्लिफर्ड काय म्हणणार? चालेल म्हणाला.

पिलिंगला लढाईची भाषा येत नव्हती. त्याला एकच भाषा यायची. दोन राउंडच्या मधल्या मिनिटात तो क्लिफर्डच्या कानाशी लागायचा आणि म्हणायचा, "डावीकडून बारीक घे. वरून नुसती टोकं. मानेजवळ साफ कर, आणि घाई करू नकोस, गिऱ्हाईक कुठे पळत नाही." समोरच्या कोपऱ्यातले लोक कान टवकारून ऐकायचे आणि गुप्त खूण समजून घाबरायचे. क्लिफर्डला मात्र सगळं बरोब्बर कळायचं. तो उठायचा आणि डावीकडून बारीक घ्यायचा.

राणीचा राज्याभिषेक झाला त्या वर्षी क्लिफर्डने ब्रिटनचा पट्टा जिंकला. पेपरवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'ऑझलबॉटमचा हातोडा'. पट्टा घरी आला. त्याची आई एडिथ एन्टविसल हिने तो दोन्ही हातांनी तोलून बघितला, ओल्या फडक्याने पुसला, आणि लगेच हातोडी आणायला सांगितली. बैठकीच्या खोलीत, शेगडीच्या वर, क्लिफर्डच्या कैलासवासी बापाचा फोटो होता. तो तिने उतरवून मागल्या स्वयंपाकघरात नेला, त्या जागी चार इंची खिळा ठोकला आणि त्यावर पट्टा लटकवला.

"आई, हा अजून आपला नाहीये," क्लिफर्ड म्हणाला. "तीनदा जिंकला तरच कायमचा मिळतो. मधे हरलो तर परत द्यावा लागतो."

"कुणाला परत?"

"लंडनच्या मंडळाला."

"ते येणार न्यायला?" एडिथने हातोडी खाली ठेवली नव्हती. "घरात आलेली वस्तू घरातच राहते. आणि तुझ्या बापाला मी आता हलवलंय. त्यांना सारखं इकडून तिकडे करायला मला वेळ नाही."

पुढच्या फेब्रुवारीत क्लिफर्ड दुसऱ्यांदा जिंकला. राहिली एक लढत. ती एक जिंकली की पट्टा जन्मभर एन्टविसलांचा. हरली की खिळा रिकामा, आणि बाप स्वयंपाकघरात.

आणि नेमकं त्याच वर्षी जुलैत युद्धापासूनचं रेशन उठलं.

चौदा वर्षं गावाने मांस चिठ्ठीवर खाल्लं होतं. आठवड्याला एवढासा तुकडा, तोही खाटकाशी गोड बोलून. तोपर्यंत क्लिफर्डचं वजन हा विषयच नव्हता. मिडलवेटला अकरा स्टोन सहा पौंडांच्या, म्हणजे एकशे साठ पौंडांच्या, आत बसावं लागतं. तो खिशात कोळसा घेऊन काट्यावर उभा राहिला असता तरी बसला असता. पण रेशन उठलं, आणि ऑझलबॉटमच्या बायकांना चौदा वर्षांचा हिशेब चुकता करायचा होता. प्रत्येक घरातून मांस-बटाट्याच्या पाईचा वास येऊ लागला. वरचं कवच सोनेरी, आत रस्सा रटरटतोय. आणि प्रत्येक घराच्या मागल्या दाराशी, पोतं रिकामं करून, चॅम्पियन उभा.

"एवढासा तुकडा, क्लिफर्ड."

"बरं काकू."

"माझ्या हातचा नाही खाल्लास तू. त्या क्लेगकडे खाल्लास म्हणे."

"आणा, खातो."

"हा कोपरा तुझ्यासाठी ठेवलाय. करपलेला आहे, तुला आवडतो ना?"

त्याला करपलेला कोपरा मुळीच आवडत नव्हता. अकरा वर्षांपूर्वी एकदा नको म्हणता आलं नव्हतं, तेव्हापासून सगळी गल्ली त्याच्यासाठी करपलेले कोपरे राखून ठेवत होती.

सप्टेंबरात पिलिंगने त्याला काट्यावर उभं केलं. काटा बारा स्टोनच्या पुढे गेला आणि तिथे आरामात बसला. पिलिंगने त्याला खाली उतरवलं. मग त्याने दुकानात जाऊन काचेवर पाटी लावली, 'क्लिफर्डला कृपया खायला घालू नये.' गावाने पाटीचा मान राखला. लोक थांबून वाचायचे, मान डोलवायचे, आणि घरी जाऊन त्याच्यासाठी सूप करायचे.

"काकू, पाटी वाचली नाहीत का?" पिलिंगने क्लेगकाकूंना रस्त्यात गाठलं.

"वाचली की."

"मग आज सकाळी त्याच्या हातात काय होतं?"

"पाई."

"म्हणजे खायलाच घातलंत."

"खायला नाही घातलं," काकू म्हणाल्या. "चाखायला दिलं. मीठ बरोबर आहे का म्हणून."

"पूर्ण पाई?"

"मीठ काय एका ठिकाणी असतं का?"

तिसरी लढत नोव्हेंबरात, मँचेस्टरला. समोर होता हेकनशॉचा सेथ मर्गाट्रॉइड. हेकनशॉ डोंगरापलीकडे, यॉर्कशायरमध्ये. पाचशे वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या सरदारांनी गादीवरून मारामारी केली होती, आणि ऑझलबॉटममध्ये तो विषय अजून संपलेला नव्हता. शेवटचे चार आठवडे पिलिंगने क्लिफर्डला कोळशाच्या गाडीवरून उतरवलं आणि गाडीच्या पुढे पळवलं. शेवटचे तीन दिवस त्याला सॅलडची पानं दिली, तीही मोजून. क्लिफर्ड पानांकडे असा बघायचा जणू ती कुणाच्या तरी मयताला आणली होती.

लढतीच्या दिवशी दुपारी एका व्यायामशाळेत वजन होतं. मंडळाचे मिस्टर फॅन्शॉ लंडनहून आले होते. ते बोलायचे तेव्हा प्रत्येक शब्द आधी इस्त्री होऊन मग बाहेर पडायचा. क्लिफर्ड कमरेला पंचा गुंडाळून काट्यावर चढला. मग पिलिंगने पंचा ओढून घेतला आणि गावच्या चार पुरुषांनी चारही बाजूंनी कोट धरले.

"श्रीयुत एन्टविसल," मिस्टर फॅन्शॉ म्हणाले, "आपले वजन विहित मर्यादेपेक्षा अर्ध्या पौंडाने अधिक भरते. नियमानुसार आपणांस एका तासाचा अवधी देण्यात येत आहे. तदनंतर आपण अजिंक्यवीर राहणार नाही."

मग मर्गाट्रॉइड चढला. तो पाव पौंडाने जास्त भरला.

"मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे," मर्गाट्रॉइड म्हणाला. "काटा खोटा आहे."

"काटा लंडनचा आहे," मिस्टर फॅन्शॉ म्हणाले.

"तेच म्हणतोय मी."

व्यायामशाळेच्या खाली बॉयलरची खोली होती. आग ओकणारा बॉयलर, वाफेचे नळ, कोपऱ्यात धुण्याची मोरी. जागा एकच असल्याने दोघांनाही तिथे पाठवलं. दोघांनी जाड स्वेटर चढवले आणि दोरीवरच्या उड्या मारायला सुरुवात केली. टप टप टप टप. अशी पंधरा मिनिटं गेली.

"मी स्पष्ट विचारतो," मर्गाट्रॉइड शेवटी म्हणाला, "तू शेवटचं कधी जेवलास?"

"रविवारी," क्लिफर्ड म्हणाला. "तू?"

"सोमवारी. अर्धं अंडं."

"कोणतं अर्धं?"

"पांढरं."

"अरेरे," क्लिफर्ड मनापासून म्हणाला.

टप टप टप टप. मग मर्गाट्रॉइड सांगू लागला, की त्याची आजी रविवारी भट्टीत पिठाचं खारं पुडिंग कसं फुगवते, त्याच्या खळग्यात रस्सा कसा ओतते, आणि तो रस्सा कडेवरून ओघळायला लागला की कसं धावत जाऊन जिभेवर झेलावं लागतं. मग क्लिफर्डने आईच्या पाईचं सांगितलं. आधी कवच फोडायचं, वाफ नाकात घ्यायची, मग चमचा. मर्गाट्रॉइडची दोरी पायात अडकली.

"पुन्हा सांग ते," तो म्हणाला. "वाफेपासून."

अर्धा तास झाला तोवर दोघांचं असं जमलं होतं की जणू एकाच गल्लीत गोट्या खेळलेले. पिलिंगने दोघांना वर नेऊन तोलून आणलं. क्लिफर्ड अजून दोन औंस, म्हणजे पौंडाचा आठवा भाग, जास्त. मर्गाट्रॉइड अर्धा औंस. अंगात पाण्याचा थेंब उरला नव्हता. क्लिफर्डला घाम फुटायचा थांबला होता. रडू येत होतं पण तेही कोरडंच.

तेवढ्यात मागल्या गल्लीकडचं दार उघडलं.

वजनाच्या ठिकाणी बायकांना मज्जाव होता. पण बॉयलरच्या खोलीवर तशी पाटी कुणी लावली नव्हती. गावातल्या चाळीस बायका बस करून मँचेस्टरला आल्या होत्या, आणि त्यांच्या पुढे, हॅट घालून, हातात टोपली घेऊन, एडिथ एन्टविसल उभी होती. टोपलीवर दोन टॉवेल होते. टॉवेलांखालून वास आला.

मर्गाट्रॉइड दोरी टाकून दोन पावलं पुढे आला.

"माझं लेकरू किती सुकलंय," एडिथ म्हणाली. "हे घे. एक घास. रात्री लढायचंय, रिकाम्या पोटी कसा लढशील?"

"मिसेस एन्टविसल, हात जोडतो," पिलिंग म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या पानांनी काय झालंय बघ त्याचं. हं, क्लिफर्ड. आ कर."

तिने टॉवेल बाजूला केला. कवच सोनेरी होतं. मधल्या भोकातून वाफ वर येत होती. क्लिफर्डने पाईकडे बघितलं. मग आईकडे. मग त्याला खिळा आठवला, आणि स्वयंपाकघरातला बाप, भांड्यांच्या फळीशेजारी, रोज वाफेने काच धुरकटते तो. त्याचे ओठ हलले. सत्तावीस वर्षं तोंडात जो शब्द बसला नव्हता, तो बाहेर यायला जरा वेळ लागला.

"नको, आई."

मागे उभ्या असलेल्या चाळीस बायका टाचा उंचावून बघू लागल्या. क्लेगकाकूंनी शेजारणीचा दंड धरला.

एडिथने टोपली खाली ठेवली. हातमोजा काढला आणि क्लिफर्डच्या कपाळाला हात लावला. "ताप नाही," ती म्हणाली.

"वजन करायचंय, आई. नाहीतर पट्टा परत जातो. पाई लढाईनंतर खातो. सगळी."

एडिथ टोपलीशेजारी खुर्चीवर बसली. ही वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

पिलिंगने खिशातून कात्री काढली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो कोंबडा त्यानेच पाडला होता, सात वर्षं दर शनिवारी त्यानेच राखला होता. "एक औंस तरी भरेल," तो म्हणाला, आणि डोळे मिटून पहिली कात्री चालवली. मग वस्तरा. पाच मिनिटांत क्लिफर्डचं डोकं उकडलेल्या अंड्यासारखं झालं. मर्गाट्रॉइडने अंडं बघून आवंढा गिळला.

केस गेले आणि त्यामागचं सगळं उघडं पडलं. एडिथ खुर्चीवरून उठली.

"हे काय आहे?" ती म्हणाली.

"काय, आई?"

"कानामागे. हे काळं. आणि मानेवर. आणि, अरे देवा, कानात." तिने त्याला कानाला धरून मोरीपाशी नेलं. "तेरा वर्षं मी विचारतेय, कान धुतलेस का, कान धुतलेस का. हो म्हणायचास तू मला."

"तुला नाही कसं म्हणू?"

"पिलिंग, साबण. आणि तो खराटा दे इकडे."

"तो बॉयलरचा आहे हो."

"मग नीट घासला जाईल."

पुढच्या दहा मिनिटांत मोरीत जे पडलं त्याने हेकनशॉच्या एका घरची संध्याकाळची शेगडी पेटली असती. कानामागून कोळसा. कानातून कोळसा. बेंबीतून, तिने तिथेही बोट घातलं, गारगोटीएवढा एक खडा निघाला. तो तिने उचलून पिलिंगच्या हातावर ठेवला. पिलिंगने तो तळहातावर तोलला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला.

मर्गाट्रॉइड हे सगळं बघत उभा होता. "मी स्पष्ट बोलतो, बाई," तो म्हणाला, आणि मग त्याला काय स्पष्ट बोलायचं ते सुचेना. "माझंही अर्धा औंस आहे," एवढंच तो हळू आवाजात म्हणाला.

"याचं कशाला करायचं?" क्लेगकाकू दारातून म्हणाल्या. "राहू दे की त्याचं जास्त."

"तसं नाही चालत," पिलिंग म्हणाला. "त्याचं वजन जास्त भरलं तर ही लढत पट्ट्यासाठी धरतच नाहीत. दोघांनाही बसायला पाहिजे."

एडिथने मर्गाट्रॉइडकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू काय काम करतोस, बाळा?"

"लोकरीच्या गिरणीत आहे, बाई."

"वाटलंच," ती म्हणाली, आणि त्याच्या कानातून बोटभर लांबीची लोकर ओढून काढली.

तास भरायला दोन मिनिटं असताना दोघे वर गेले. मिस्टर फॅन्शॉंनी घड्याळ बघितलं, समोरच्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "श्रीयुत एन्टविसल कोठे आहेत?"

"मीच तो," क्लिफर्ड म्हणाला.

मिस्टर फॅन्शॉंनी त्याचे कागद दोनदा तपासले. मग तो काट्यावर चढला. काटा थरथरला, वर गेला, खाली आला, आणि अकरा स्टोन सहा पौंडांवर असा थांबला जसा घोडा दाराशी थांबतो. मर्गाट्रॉइडही बसला, केसभर कमीच. एडिथ खाली टोपलीवर टॉवेल घट्ट करत होती. "लढाई झाली की," ती पिलिंगला म्हणाली, "दोघांनाही वाढीन. कान धुतल्यावर मूल उपाशी ठेवायचं नसतं."

रात्री हॉल तुडुंब भरला. दोघांना मधल्या वेळात थोडा रस्सा आणि पाणी मिळालं होतं, उभं राहण्यापुरतं. रेडिओवाला आपल्या जागी बसून देशाला सांगत होता. "श्रोतेहो, हातोड्याने आज मस्तकावरील केशसंभाराचा त्याग केला आहे. प्रतिस्पर्ध्याच्या मनात धडकी भरवण्याचा हा डाव असावा, असा माझा कयास आहे."

पहिला राउंड गेला. दुसरा गेला. चौथा गेला. हातोडा काही पडेना. क्लिफर्ड गोल फिरायचा, डावा हात उचलायचा, आणि परत खाली ठेवायचा. मर्गाट्रॉइड मात्र बिनधास्त टपाटप मारत होता, कारण यॉर्कशायरचा माणूस मैत्री वेगळी आणि काम वेगळं ठेवतो. सहाव्या राउंडनंतर पिलिंगने क्लिफर्डच्या तोंडावर स्पंज मारला.

"काय चाललंय? हजामत करतोयस का गोंजारतोयस?"

"माझा हातच उठत नाही, पिलिंगकाका. आईनं त्याचे कान धुतलेत."

"मग?"

"घरातला झाल्यासारखं वाटतं."

"गुणांनी तो पुढे आहे. असंच चाललं तर उद्या लंडनचा माणूस येऊन खिळ्यावरनं पट्टा उतरवून नेईल. आणि तुझा बाप तिकडे भांड्यांमधे. डावीकडून बारीक घे रे, बाबा."

क्लिफर्डने मान हलवली. त्याला सगळं कळत होतं. पण सातव्यात, आठव्यात, नवव्यात तो हात उचलायचा आणि समोर त्याला आईने ओढून काढलेली लोकर दिसायची. तिसऱ्या ओळीत एडिथ टोपली मांडीवर घेऊन ताठ बसली होती.

दहाव्या राउंडला दोघेही थकून एकमेकांच्या खांद्यावर रेलले. मर्गाट्रॉइडचं तोंड क्लिफर्डच्या कानापाशी आलं. स्वच्छ कानापाशी.

"ती पाई," मर्गाट्रॉइड धापा टाकत म्हणाला. "मला पण आहे ना?"

"आई म्हणाली म्हणजे आहे."

"गार झाली असेल?"

"तीन टॉवेलांत आहे आता."

"सुटा," पंच म्हणाला. ते सुटले, दोनदा हात चालवले, आणि परत एकमेकांना बिलगले.

"श्रोतेहो," रेडिओवाला म्हणाला, "दोन्ही वीर परस्परांच्या कानी काहीतरी पुटपुटत आहेत. निश्चितच ते एकमेकांस जहाल आव्हान देत असावेत."

"बरोबर पुदिन्याची चटणी असेल ना?" मर्गाट्रॉइडने विचारलं.

"चटणी?" क्लिफर्ड म्हणाला. "नाही. लाल कोबी. व्हिनेगरात मुरवलेला."

"पाईबरोबर?"

"आई स्वतः मुरवते."

"सुटा, म्हटलं ना," पंच म्हणाला.

ते सुटले. मर्गाट्रॉइडच्या चेहऱ्यावर काळजी होती. त्याला वाटलं, आपला मित्र आहे, त्याला सांगितलं पाहिजे. तो पुन्हा पुढे सरकला. "मी स्पष्ट बोलणारा माणूस आहे, क्लिफर्ड," तो म्हणाला. "राग मानू नकोस. पण तसला कोबी आमच्याकडे सशांना घालतात."

क्लिफर्ड थांबला. एक क्षण त्याने तिसऱ्या ओळीकडे बघितलं. तिथे आई बसली होती, टोपली घेऊन, आणि टोपलीत पाईच्या शेजारी त्या कोबीची बरणी होती. दर ऑगस्टमध्ये ती तो कोबी चिरायची, मीठ लावायची, रात्रभर निथळत ठेवायची, आणि तिची बोटं पुढे आठवडाभर जांभळी राहायची. त्या बोटांनी तिने या माणसाचे कान धुतले होते.

मग डावा हात आपोआप उठला. क्लिफर्डने तो उचलला नाही. त्याने फक्त खांदा वळवला, साठ पोत्यांच्या सवयीने, आणि हिसका दिला. मर्गाट्रॉइड पलटी खाऊन असा पडला की भोक असतं तर थेट तळघरात गेला असता.

पंच मोजू लागला. क्लिफर्ड सवयीने वाकला, तोंड उघडलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा त्याने ते विचारलं नाही.

"सहा आठवडे मुरवते ती," तो म्हणाला. "सहा."

"कोपऱ्यात जा," पंच म्हणाला. दहा मोजून झाले तेव्हा ऑझलबॉटमच्या चाळीस बायका खुर्च्यांवर उभ्या होत्या. क्लेगकाकूंनी हॅट फेकली होती. ती स्वतःची नव्हती.

"श्रोतेहो," रेडिओवाला सद्गदित होऊन म्हणाला, "हातोडा योग्य क्षणाची प्रतीक्षा करीत होता, हे आता आपणांस उमगले असेल."

मिस्टर फॅन्शॉंनी पट्टा क्लिफर्डच्या कमरेला बांधला. "आजपासून हा पट्टा आपली वैयक्तिक आणि कायमस्वरूपी मालमत्ता होय," ते म्हणाले.

"ते आम्ही गेल्या वर्षीच ठरवलं होतं," एडिथ खालून म्हणाली.

कपडे बदलायच्या खोलीत तिने बाकावर टॉवेल पसरला आणि पाई कापली. मर्गाट्रॉइड जबड्यावर बर्फ धरून बसला होता. तिने त्याच्यापुढे मोठा तुकडा ठेवला आणि शेजारी, काही न विचारता, लाल कोबीचा ढीग. क्लिफर्ड खाली बघत होता. मर्गाट्रॉइडने एक घास घेतला. हळू चावला, कारण त्याला जोरात चावता येत नव्हतं.

"मी स्पष्ट बोलतो, बाई," तो म्हणाला.

पिलिंगने डोळे मिटले.

"थोडा आणखी वाढा."

त्यानंतर क्लिफर्ड तीनदा लढला. दोनदा हरला, एकदा जिंकला, आणि मग हातमोजे खुंटीला टांगून परत पूर्णवेळ कोळशाच्या गाडीवर चढला. केस पुन्हा आले, पण कोंबडा काही पूर्वीसारखा बसला नाही. पिलिंग त्यासाठी शेवटपर्यंत बॉयलरला दोष द्यायचा. गल्लीतल्या बायका अजून कोपरे राखून ठेवायच्या, पण आता क्लिफर्ड अधूनमधून "आज नको, काकू" म्हणायचा. त्या दिवशी बायका एकमेकींकडे जाऊन सांगायच्या, आणि संध्याकाळपर्यंत ते गावभर झालेलं असायचं.

पट्टा खिळ्यावर राहिला. बाप स्वयंपाकघरातच राहिला. तिथे त्याला सवय झाली आहे, असं एडिथ म्हणायची.

लढतीनंतर पंधरा दिवसांनी हेकनशॉहून पोस्टाने एक खोका आला. आत लाकडाचा भुसा, भुशात बाटली, बाटलीत पुदिन्याची पातळ आंबट चटणी. चिठ्ठीत लिहिलं होतं, 'आजीने केली आहे. पाईवर घालावी. मी स्पष्ट लिहितो, कोबीपेक्षा बरी लागते. कानांना आता नीट ऐकू येतं. सेथ.'

एडिथने बाटली उजेडात धरली, झाकण उघडून वास घेतला, नाक मुरडलं, आणि ती वरच्या फळीवर भांडी घासायच्या पावडरीमागे ठेवून दिली. बापाच्या फोटोच्या अगदी शेजारी. "या घरात कुणी याला हात लावणार नाही," ती म्हणाली.

"नाही, आई," क्लिफर्ड म्हणाला.

दर गुरुवारी एडिथ क्लेगकाकूंकडे जायची. तेवढ्यात क्लिफर्ड स्टुलावर चढायचा, बापाची क्षमा मागायचा, आणि गार पाईच्या तुकड्यावर मोजून चार थेंब टाकायचा. चार म्हणजे चार. मग बाटली होती तश्शी ठेवायचा, लेबल भिंतीकडे करून.

नाताळच्या आधी त्याने बाटली उतरवली तेव्हा ती अर्ध्याच्या खाली गेलेली होती. त्याने बोटांवर गुरुवार मोजले. पुन्हा मोजले. मग त्याने स्टुलावर उभ्या उभ्याच बाटली उजेडात फिरवून बघितली. फळीवर तिचं लेबल बाहेरच्या बाजूला होतं, आणि झाकणावर कोबीच्या बरणीत बुडालेल्या बोटाचा जांभळा ठसा होता.

त्याने बाटली परत ठेवली. लेबल बाहेरच्याच बाजूला राहू दिलं. आणि दुसऱ्या दिवशी कोळसा टाकून झाल्यावर पोस्टात जाऊन त्याने हेकनशॉला एक पत्र टाकलं, की आजीला सांग, या वेळी दोन पाठव.